तव्यावरची भाकरी

आमच्या निपाणीकडे माणूस माणसाला भेटला की "ऊट आय्ता?" म्हणून विचारतो. जेवण झालं का, एवढाच त्या कानडी बोलाचा अर्थ, आणि उत्तरासाठी कुणी थांबत नाही. माझी आत्या थांबायची. बाजारात, बस्तीच्या म्हणजे आमच्या जैन देवळाच्या पायरीवर, कुणाच्या बारशाला, कुठंही ती हे विचारायची आणि समोरच्यानं "आय्तु", म्हणजे झालं, म्हटलं की तिची खरी चौकशी सुरू व्हायची. कधी झालं? काय खाल्लं? कुणाच्या मागून खाल्लं? पहिल्या दोन प्रश्नांना लोक पटापट उत्तरं द्यायचे. तिसऱ्याला बायका गप्प व्हायच्या, आणि त्या गप्प झाल्या की आत्याला रोग सापडायचा.

ती आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, थोरली बहीण. ते तिला आक्का म्हणत म्हणून आम्हीही आक्काच म्हणायचो, आणि गाव म्हणायचं लाह्याआक्का. बाराव्या वर्षी ती विधवा झाली. सदलग्याला तिचे सासरे वैद्य होते. भला माणूस. सुनेला कोपऱ्यात बसवायच्या ऐवजी त्यांनी तिच्यापुढं खल ठेवला आणि पंधरा वर्षं ती कुटत, घोटत, ऐकत राहिली. सासरे गेल्यावर महिन्याभरात दिरांनी तिला एका ट्रंकेसकट बैलगाडीत घालून भावाकडं पाठवून दिलं. विद्या आक्काच्या डोक्यात राहिली आणि वैद्याची पाटी एका दिराच्या दारावर लागली. त्या दिराला पित्त कळत होतं की कफ, देव जाणे.

निपाणी म्हणजे तंबाखूचं गाव. वखारीतल्या तंबाखूचा उग्र वास नाकात, जेवणात तिखटजाळ ठेचा आणि पुरुषांच्या जेवणाला ना वेळ ना काळ. आक्काकडं येणाऱ्यांत निम्मे आम्लपित्ताचे असत. छातीत जळजळ, घशाशी आंबट पाणी, करपट ढेकर, दुपार कलली की ठणकणारं डोकं. आक्काचं औषध अगदी साधं. धने ठेचून रात्री पाण्यात भिजवायचे, सकाळी गाळून खडीसाखर घालून प्यायचे. साळीच्या लाह्या, काळ्या मनुका, गाईचं कोमट दूध. मिरची आणि चिंच बंद, उपाशीपोटी चहा बंद. दिवस मावळायच्या आत जेवायचं, जेवल्यावर शंभर पावलं चालायचं, निजायचं ते डाव्या कुशीवर. आणि रागावून जेवायला बसायचं नाही. ती स्वतः चोवीस तास रागावलेली असे, पण ते वेगळं.

तंबाखूचे एक मोठे व्यापारी होते. बेळगावच्या डॉक्टरांची बाटली, कोल्हापूरच्या वैद्यांची भस्मं, सगळं करून शेवटी आक्काच्या सोप्यावर, म्हणजे आमच्या पुढच्या ओसरीवर, आले. आक्कानं जेवायची वेळ विचारली. वखार बंद करून, हिशेब उरकून, दहाच्या पुढं जेवतो म्हणाले. मग औषध कशाला मागायला आलास, म्हणून आक्कानं त्यांना सरळ घालवून दिलं. गावातल्या मोठ्या आसामीला एक विधवा बाई दारातून परत पाठवते, याची आठ दिवस चर्चा झाली. नवव्या दिवशी ते गृहस्थ दिवेलागणीच्या आधी जेवून आक्काला सांगायला आले. आक्कानं तेव्हा कुठं त्यांच्या हातावर मूठभर लाह्या ठेवल्या. पुरुषांचं हे असं असतं बघा. त्यांनी मनात आणलं की आठ दिवसांत जेवण चार तास अलीकडं येतं. घरातलं कुणी आडवं येत नाही.

बायकांचं दुखणं आक्का सोप्यावर बसून बघतच नसे. ती त्यांच्या घरी जायची, तेही ऐन जेवणाच्या वेळी, न सांगता. नाडी नाही, जीभ नाही. थेट स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला टेकून बसायची आणि कोण कुणाच्या मागून जेवतंय ते बघायची. पुरुष वैद्यांना सोप्याच्या आत पाऊल टाकता येत नव्हतं, त्यामुळं त्यांना हे कधी दिसलंच नाही. यमगर्णीकडच्या एका जैन घरातली सून वर्षभर उलट्यांनी हैराण होती. तिला देवाचं केलं, बाहेरचं केलं. आक्का तिथं दोन तास बसली. सहा पुरुष एकेक करून आले. प्रत्येकाला भाकरी हवी ती तव्यावरून फुगून थेट ताटात पडलेली. सूनबाईचा हात परातीतून निघेना. सगळ्यांचं झाल्यावर तिनं उरलेली भाकरी कालच्या आंबट आमटीत चुरली आणि दिवस मावळतोय म्हणून चार घासांत गिळली. सासू म्हणाली, औषध सांगा. आक्का म्हणाली, "हिला औषध न्हाय, हिला ताट द्या. चारच्या सुमाराला सगळ्या भाकऱ्या करून टोपलीत झाकून ठेवा आणि सगळ्यांबरोबर हिला बसवा. गार भाकरी खाऊन मेलेला बाप्या मी अजून बघिटला न्हाय."

सासूनं तोंडाला पदर लावला. पण आक्का काही उठेना. दुसऱ्या दिवशी आली, तिसऱ्या दिवशी आली, आणि रोज त्या सुनेला शेजारी बसवून आपल्यासमोर जेवायला लावलं. पाहुणीला नाही कसं म्हणायचं? पंधरा दिवसांत उलट्या थांबल्या. नंतर त्या घरानं गावभर सांगितलं की देवानं गुण दिला. आक्काला त्याचं काही वाटत नसे. मला वाटायचं, आणि आजही वाटतं.

मिश्रीवर तर तिचा दात होता. भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड बायका हिरड्यांना चोळत बसत. कशासाठी? तर भूक मरते म्हणून. चुलीपुढं तीन तास बसायचं, घरभर भाकरीचा वास, पोटात कावळे, आणि आपली पाळी येईपर्यंत तोंडात तो जाळ. आतडी पेटणार नाहीत तर काय होणार? आक्काला कुणाच्या कोनाड्यात मिश्रीची डबी दिसली की ती उचलून उकिरड्यात टाकायची. बायका ओरडायच्या. ती म्हणायची, भूक मारायची न्हाय, भुकेला घालायचं.

आता आमच्या घराचं सांगते. सांगताना माझा आवाज चढतो, चढू दे.

ही जी बाई तालुक्यातल्या सुनांची ताटं मांडत फिरत होती, ती स्वतः आमच्या घरात रोज संध्याकाळी उपाशी राहत होती. महिना नाही, वर्ष नाही. मला कळायला लागल्यापासून. आणि तिच्या पोटात तोच रोग होता.

ते कसं, ते ऐका. आमच्यात सूर्य बुडाल्यावर अन्न तोंडात घालत नाहीत. नियम चांगला आहे, आक्का तर म्हणायची की सगळ्या जगानं पाळावा. पण आप्पा आणि दोन्ही काका वखारीतून यायचे ते ऊन उतरल्यावर. हातपाय धुऊन बसेपर्यंत सूर्य शेजारच्या वखारीच्या पत्र्यावर टेकलेला. मग पंगत. आप्पांना भाकरी हवी ती आक्काच्या हातची, आणि तव्यावरची. आमच्या आईच्या हातची त्यांना चालायची नाही. आक्काची भाकरी कशी, तर पापुद्रा सुटलेली, कागदासारखी पातळ, मधून वाफ निघणारी. आप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगायचे की आमच्या आक्काच्या भाकरीला साऱ्या निपाणीत तोड नाही. माझं लाडाचं ताट आप्पांच्या शेजारी असे. मीही मिटक्या मारत खायची. आई वाढता वाढता उभ्याउभ्या दोन घास पोटात ढकलून घ्यायची. शेवटची भाकरी ताटात पडली की आक्का चुलीतली लाकडं मागं ओढायची, दारात जाऊन पत्र्याकडं बघायची, आणि सूर्य गेलेला असायचा. कधी घोटभर पाणी मिळायचं, कधी तेही नाही. मग दुसऱ्या दिवशी बस्तीत दर्शन घेऊन आल्यावर, दहाच्या सुमाराला, पहिला घास.

आणि घर काय म्हणायचं? आक्काचा नेम आहे. आक्का संध्याकाळचं जेवत नाही. काकू पाहुण्यांना सांगायच्या, आमच्या वन्संचं तप लई कडक. शेजारच्या बायका तिच्या पाया पडायच्या. घरातल्या माणसाला भूक लागते, ती भागत नाही, आणि भोवतालचे लोक हात जोडतात. हे फक्त आमच्यासारख्या लोकांनाच सुचू शकतं. नेम माणूस देवापुढं उभं राहून घेतो. हिनं कधी, कुणापुढं घेतला होता? तिला कुणी वाटेत "ऊट आय्ता?" विचारलं की ती "आय्तु" म्हणायची. दुसऱ्यांचं हेच उत्तर ती कधी खरं धरत नसे. तिचं मात्र सगळ्यांनी धरलं.

मला ते उशिरा दिसलं, हे कबूल करते. माझं लग्न संकेश्वरला झालं, तिथं चुलीपुढं बसायची पाळी माझ्यावर आली, आणि मग दिसलं. स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी नागपंचमीला माहेरी आले तर आक्काचे दंड वाळून काटकी झालेले. बोलताना मधेच थांबून छातीवर हात दाबायची, भिंतीला टेकायची. रात्री तिला आडवं होता येत नव्हतं. पाट उभा करून त्याला टेकून ती बसल्याबसल्या डोळे मिटायची. आणि तोंडानं मला विचारतेय, संकेश्वरला तू कधी जेवतीस गं?

मी त्याच दिवशी आप्पांना सोप्यावर गाठलं. लग्न झालेली लेक वडिलांपुढं आवाज चढवत नसे त्या काळी. मी चढवला. आक्का उपाशी राहते, तुमच्या भाकरीपायी राहते, आणि ती जे गावाला सांगते ते तुम्ही एक दिवस तरी घरात केलंत का, असं सगळं बोलले. आप्पा रागावले असते तर बरं झालं असतं. ते दुखावले. "ती कधी म्हणाली का गं मला? माझी आक्का हाय ती. तिनं मला कडेवर घेऊन वाढवलंय." मी म्हटलं, तिनं म्हणायला हवं का? तुम्हाला डोळे नाहीत?

बरं, आप्पा वाईट माणूस नव्हते. त्यांनी आत जाऊन हुकूम सोडला की आजपासून आक्का आधी जेवणार. साडेचारला मी तिचं ताट वाढलं. मऊ भात, मुगाचं वरण, तूप, वाटीभर दूध. सगळं घर उंबऱ्यावर जमून बघत होतं, जशी काही घरात कुणाची पूजा चाललीय. आक्का लाजून चूर झाली. पण जेवली. घास घास चावून, ऊन अंगणात असताना, पोटभर जेवली. त्या रात्री ती डाव्या कुशीवर आडवी होऊन झोपली. सकाळी उठून मला म्हणाली, "लई वरसांनी छाती थंड हाय बघ." दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. भाकऱ्या मी थापत होते. माझ्या भाकरीला कडेनं चिरा पडायच्या, हे खरं आहे.

तिसऱ्या दिवशी आक्का निम्म्या जेवणावर होती, तोवर आप्पा जरा लवकर येऊन ताटावर बसले. त्यांनी माझी भाकरी मोडली, एक घास खाल्ला, आणि हसत, अगदी लाडात येऊन म्हणाले, "आक्का, आजच्या दिवस तूच टाक गं. पोरीची भाकरी घशाखाली उतरंना."

आणि आक्का उठली. ताट बाजूला सारून उठली. चेहऱ्यावर आनंद! भावाला आपल्याशिवाय जेवण जात नाही याचा आनंद. मला आप्पांचा राग आला होताच, तिचाही आला. आजही येतो. मी तिचं निम्मं ताट उचलून नेऊन तिच्यापुढं आदळलं आणि विचारलं, की दुसऱ्या घरातल्या बाईला तू असं उठू दिलं असतंस का? ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "दुसऱ्याच्या घरात मी औषध सांगते आणि उठून घरला येते. हितनं उठून कुठं जाऊ?"

चौथ्या दिवसापासून पुन्हा पहिलं सुरू झालं. मी आठव्या दिवशी संकेश्वरला परत गेले. मी आणखी महिनाभर राहिले असते तर, हा विचार मी किती वेळा केला असेल, सांगता येत नाही.

थंडी पडायला लागली तेव्हा निरोप आला. मी मोटारीनं निपाणी गाठली. आक्काला काळ्या रक्ताच्या उलट्या होत होत्या. डॉक्टर म्हणाले, आत जखम झालीय आणि ती फार जुनी आहे. आता घरातला प्रत्येक माणूस तिच्या उशाशी वाटी घेऊन उभा. आप्पा रडत विचारत होते, आक्का, दूध घेतीस? आक्का, मनुकांचं पाणी देऊ? माझ्या ओठावर आलं होतं की आता कशाला? पण तिच्यासमोर बोलले नाही. ती पाच दिवस होती. जायच्या आदल्या दिवशी तिनं मला खुणेनं जवळ बोलावलं आणि बारीक आवाजात विचारलं, आज कधी जेवलीस? मी खोटं सांगितलं. तिला कळलं. तिनं हातानं मला स्वयंपाकघराकडं ढकललं.

दुखवट्याची बैठक बस्तीच्या मंडपात झाली. सगळा गाव लोटला होता, तिनं बऱ्या केलेल्या कितीतरी बाया पदर डोळ्याला लावून बसल्या होत्या. एकेक मोठी माणसं उठून बोलली. तिच्या धन्याच्या पाण्याबद्दल, लाह्यांबद्दल, तिखट जिभेबद्दल बोलली. इथवर ठीक होतं. मग एक वयस्कर पंच उठले आणि म्हणाले की या माउलीनं तीस वर्षं संध्याकाळचं अन्न घेतलं नाही, एवढं मोठं तप आपल्या गावात दुसऱ्या कुणी केलं नाही, आपल्या लेकी-सुनांनी याचा आदर्श ठेवावा. आप्पा खाली मान घालून, अभिमानानं, डोळे पुसत होते.

लेकी-सुनांनी आदर्श ठेवावा! माझ्या अंगाची लाही झाली. ज्या बाईनं जन्मभर लेकी-सुनांना वेळेवर दोन घास मिळावेत म्हणून उंबरे झिजवले, तिचंच नाव सांगून त्यांना उपाशी ठेवायची ही सोय! मी बायकांतून उठून उभी राहिले. "आक्काचा नेम नव्हता," मी म्हटलं. "आमच्या घरातल्या भाकऱ्या होईपर्यंत सूर्य बुडायचा. म्हणून ती उपाशी राहायची. ती रोगानं गेली, आणि तो रोग आम्ही घातला."

काकूंनी माझा पदर ओढून मला खाली बसवलं. कुणीतरी म्हणालं, पोरीचं दुःखानं डोकं फिरलंय. पंचांनी घसा साफ केला आणि पुढचं बोलणं सुरू केलं. आप्पांनी माझ्याकडं बघितलं नाही. त्या दिवशी मी परत निघाले तेव्हा ते सोप्यावर असून दारापर्यंत आले नाहीत, आणि पुढं कित्येक महिने त्यांचं पत्र नाही की निरोप नाही.

संकेश्वरला आल्यावर मी माझं स्वयंपाकघर बदललं. चारच्या सुमाराला सगळ्या भाकऱ्या करायच्या, टोपलीत फडक्याखाली झाकायच्या, चूल विझवायची, आणि घरातल्या सगळ्यांनी एकदम बसायचं. सासूबाई महिनाभर माझ्याशी बोलत नव्हत्या. आमच्या घरात बाप्यांना गार भाकरी, म्हणून गावभर माझी छीथू झाली. नवऱ्याला सांगितलं, गरम हवी असेल तर तवा तिथं आहे. मग सासूबाईंच्या छातीतली जळजळ थांबली आणि त्या आपणहून माझ्या शेजारी बसू लागल्या. कुणी विचारलं तर सांगायच्या, पोरीचा काहीतरी नेम आहे. तिथंही नेमच!

पुढच्या उन्हाळ्यात आप्पा आले. न कळवता, एकटेच. वाळले होते. कट्ट्यावर बसून राहिले. चारनंतर मी पाट मांडले आणि त्यांना बसवलं. टोपलीतली भाकरी काढून त्यांच्या ताटात ठेवली आणि माझं ताट घेऊन समोर बसले. त्यांनी सवयीनं चुलीकडं बघितलं. चूल विझलेली होती. सासूबाई जेवत होत्या, मी जेवत होते, अंगणात ऊन होतं. आप्पांनी भाकरी मोडून आमटीत बुडवली. दोन घास खाल्ले. तिसरा हातातच राहिला.

"एवढंच करायचं हुतं व्हय गं?" त्यांनी विचारलं.

"व्हय आप्पा," मी म्हटलं. "एवढंच."

ते ताटावरच रडायला लागले. म्हातारा बाप पुढ्यात रडतोय, कुठलीही लेक उठेल. सासूबाईंनीही मला डोळ्यांनी खुणावलं. मी उठले नाही. आधी माझं जेवण पुरं केलं.